सामाईक पन्हळ

आमच्या घराला दोन छपरं होती आणि दोन्ही छपरांचं पाणी एकाच पन्हळीत यायचं. माझ्या आजोबांनी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मेंढरं विकून सणसरला जमीन धरली तेव्हा बांधलेलं ते घर. मधोमध कच्च्या विटांची जाड भिंत. तिच्या पूर्वेला एक खोली न् पडवी, पश्चिमेला तशीच दुसरी खोली न् पडवी. बाहेरच्या दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती अगदी खेटून होत्या. आपल्या छपराचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर सोडायचं नाही, असं आबांचं म्हणणं, म्हणून त्यांनी दोन्हीकडचा पत्रा मधल्या भिंतीकडं उतरता ठेवला आणि तिच्या माथ्यावर पत्र्याची लांब पन्हळ बसवली. सगळं पाणी त्या पन्हळीतून पुढच्या अंगाला यायचं आणि तिथं एका नळकांड्यानं पूर्वेकडं वळून अंगणात पडायचं. अंगण एक होतं तोवर पाणी कुठं पडतं याची कुणाला फिकीर नव्हती.

मग वाटणी झाली. पूर्वेची बाजू आमच्याकडं आली, म्हणजे माझे वडील आण्णा, आई, मी आणि आबा यांच्याकडं. पश्चिमेची बाजू धाकट्या चुलत्याला, तात्याला. जमीन वाटली गेली, भांडी वाटली गेली, अंगणात तारेचं कुंपण पडलं. तोंडं मात्र त्या वेळी बंद झाली नव्हती. ती झाली पहिल्या मोठ्या पावसानंतर, कारण त्या पावसात दोन्ही छपरांचं पाणी आमच्या अंगणात उतरलं, उंबरा ओलांडून आत आलं आणि आईनं निवडून ठेवलेलं ज्वारीचं पोतं खालून भिजलं. आण्णा कुंपणापाशी जाऊन म्हणाले, "तुझ्या छपराचं पाणी तुझ्याकडं घे." तात्या म्हणाला, "आबांनी जिकडं काढलंय तिकडंच ऱ्हाईल." दोघंही हट्टी. त्या दिवसापासून दोघं भाऊ बांधावर समोरासमोर आले तरी एक जण वैरणीकडं बघायचा आणि दुसरा आभाळाकडं.

भिंतीला मात्र कान होते आणि नाकही होतं. तात्याच्या बायकोची, हिराकाकीची चूल भिंतीच्या पलीकडच्या बुडाशी होती. ती भाकरी थापायला लागली की तिच्या बांगड्यांचा आवाज आमच्या खोलीत यायचा. तिनं लसणाची फोडणी दिली की आई अलीकडं म्हणायची, "आज तिच्याकडं घेवडा हाय." आमच्याकडं हुलग्याचं माडगं शिजलं की काकीची पोरं पलीकडून मोठ्यानं "माडगं, माडगं" ओरडायची आणि काकी त्यांना गप्प करायची. पूर्वी असं काही शिजलं की वाटी इकडून तिकडं जायची. आता दारात काकी दिसली तर मी मान फिरवायची. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आण्णा मान फिरवतात म्हणून मीही फिरवायची, आणि खरं सांगायचं तर त्यात मला थोडी ऐटही वाटायची.

आमच्या इंदापूर-बारामतीकडं पाऊस म्हणजे वर्षातून चार-दोन दिवस मुक्कामाला येणारा पाहुणा. जून-जुलै नुसती वाऱ्यावर जायची. खरा पाऊस यायचा तो परतीचा, तोही आला तर. त्यामुळं पन्हळ नावाची वस्तू आपल्या डोक्यावर आहे हे माणसं विसरून जातात. ती मात्र बाराही महिने भरत असते. आमच्या मागच्या अंगाला कडुनिंब होता. चैत्रापूर्वी त्याची पानगळ पन्हळीत, मग मोहर पन्हळीत, मग लिंबोळ्या. ऊस तुटला की शिवारात पाचट पेटवायचे आणि त्याची काजळी काळ्या पाकोळ्यांसारखी तरंगत येऊन पत्र्यावर बसायची. वाऱ्यानं ती सरकत सरकत पन्हळीत जायची. चिमण्या तिथंच घरटी करायच्या, त्यांचं गवत, काड्या, सुतळीचे तुकडे. उन्हाळ्यात आई आणि काकी आपापल्या छपराच्या कडेला कुरडया-मिरच्या टाकायच्या, त्यांचा चुरा न् देठं. या सगळ्यावर रस्त्याची धूळ बसायची आणि दोन सरी आल्या की त्याचा काला व्हायचा. पुढं बारामतीत एका बांधकाम ठेकेदाराकडं मी पंचवीस वर्षं नकाशे काढले आणि ओल आलेल्या भिंती बघत हिंडले. पन्हळ तुंबायची कारणं सगळीकडं थोड्याफार फरकानं हीच. पण सगळ्यात वाईट तुंबते ती दोन मालकांची पन्हळ. ज्याची त्याची असली तर माणूस वर्षातून एकदा तरी हात घालतो. सामाईक असली की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात.

तीन वर्षं कुणी वर चढलं नाही. दुसऱ्या वर्षीच मधल्या भिंतीला ओल दिसायला लागली होती. आण्णा म्हणायचे, "त्यांच्या मोरीचं पाणी मुरतंय." पलीकडून तात्या कुणाच्या तरी मार्फत सांगायचा की आमच्या रांजणाचं पाणी पाझरतंय. आई एकदा म्हणाली, "नळकांड्यातनं पाणी पडंना. पन्हळ तुंबली असंल, कुणाला तरी वर चढवा." त्यावर आण्णा एकदम तडकले. "वर कुणी जायचं न्हाय. पत्रा कुजलाय. पाय आत जाईल." आण्णा वालचंदनगरला एका वर्कशॉपात फिटर होते. लोखंड-पत्र्यातलं त्यांना कळतं असं आम्ही धरून चाललो. आई गप्प बसली. पण तिच्या गप्प बसण्याचा अर्थ तिला पटलं असा कधीच नसायचा.

मी दहावीत होते त्या वर्षी परतीचा पाऊस आला तो तीन दिवस हललाच नाही. पत्र्यावर त्याचा असा आवाज व्हायचा की एकमेकांशी बोलायचं तर कानाशी जावं लागायचं. चौथ्या दिवशी सकाळी तो थांबला. आण्णा पहिल्या पाळीला गेले होते. शाळेच्या वाटेवरचा ओढा भरला होता, म्हणून मी घरीच. आईनं माडगं केलं होतं आणि मी आबांना वाटी द्यायला गेले. आबांची बाज त्याच भिंतीला लावलेली असायची. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळं दिवसभर ते बाजेवर बसून घोंगडीत पाठ भिंतीला टेकायचे. वाटी देताना माझा हात भिंतीला लागला आणि मी दचकले. भिंत गार लागली, आणि मऊही. मी आईला हाक मारली. आई आली, तिनं तळवा भिंतीवर ठेवला, मग बाजूला सरून एक डोळा मिटून भिंतीकडं बघितलं.

"भिंतीला पोट आलंय," ती म्हणाली.

खरंच आलं होतं. आबांच्या डोक्याच्या थोडं वर भिंत फुगून आत आली होती.

"मामंजी, उठा. बाज पडवीत घेते."

"कशापायी?"

"भिंत ढासळंल."

"मी बांधलीया ती. ती ढासळत न्हाय."

आई आबांसमोर कधी वर मान करून बोलायची नाही. डोक्यावरचा पदर सारखा करत ती एवढंच म्हणाली, "तुमी बांधलेली भिंत न्हाय पडायची. पण पाणी काय तुमी बांधलेलं न्हाय." आणि तिनं मला खूण केली. आम्ही दोघींनी आबांसकट बाज उचलली आणि पडवीत नेऊन ठेवली. आबा वाटी सांभाळत आमच्याकडं बघत राहिले. मग आई सरळ कुंपणाशी गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं पलीकडं हाक मारली.

"हिरे, चूल सोड. पोरास्नी घिऊन भाईर ये. भिंत फुगलीया."

काकी दारात आली. हात पिठाचे. तिनं आत वळून बघितलं, पोरांना बखोटीला धरून बाहेर काढलं आणि मग म्हणाली, "आमच्याकडनं बी माती पडतीय सकाळधरनं. मला वाटलं उंदीर हाय."

पूर्वेकडं आभाळ पुन्हा काळं झालं होतं. तासाभरात सर येणार हे दिसत होतं. आईनं पदर खोचला आणि शिडी लावली. मी म्हटलं, "आण्णांनी नको म्हटलंय."

"त्यांना मी सांगंन," आई म्हणाली. दोन पायऱ्या चढून तिनं पत्र्याच्या कडेवर जोर दिला, तर कडा खरंच कुरकुरली. ती खाली उतरली. माझ्याकडं बघत राहिली. मी तेव्हा काडीसारखी होते.

"मी जाते," मी म्हटलं. परकर मी आधीच खोचला होता.

"वाशाच्या रेषेवरच पाय ठेव. जितं खिळं दिसत्यात तितंच. दुसरीकडं न्हाय."

खिळ्यांच्या ओळीवरून मी चार पायांवर पुढं सरकत गेले. ओला पत्रा हाताला चिकटत होता. मधोमध पोचले आणि पन्हळीत डोकावले. ती गव्हाणीसारखी काठोकाठ भरली होती. वर हिरवट पाणी, त्यात एक चिमणी आंघोळ करत होती ती उडून गेली. चिखलात गवत उगवलं होतं आणि कडुनिंबाचं एक वीतभर रोप चांगलं उभं होतं. मी हात घातला. वर पानं, खाली काड्या, त्याखाली काजळीचा काळा गोळा, लोण्यासारखा मऊ. ओंजळी भरभरून मी तो मागच्या अंगाला टाकत सुटले. नखांत काळं गेलं, कोपरापर्यंत हात बरबटले. पन्हळीच्या आधाराची एक पट्टी सुटून मध्येच तिला झोळ आला होता, तिथं पाणी साचून पत्र्याला भोक पडलं होतं. ते पाणी सरळ भिंतीच्या पोटात जात होतं. पण गाळ काढूनही पाणी पुढं सरकत नव्हतं. मी तशीच सरकत पुढच्या टोकाला, नळकांड्याच्या तोंडापाशी गेले. तिथं हात आत घातला तर बोटांना काहीतरी घट्ट लागलं. पान नाही, घरटं नाही. कुणीतरी ठोकून बसवल्यासारखं.

"निघत न्हाय," मी ओरडले. "काहीतरी लांब द्या."

आई इकडं-तिकडं बघायला लागली. तेवढ्यात काकी घरात शिरली, त्याच चुलीपाशी, आणि चुलीतली लोखंडी फुंकणी घेऊन पळत आली. तिनं ती कुंपणावरून आईच्या हातात दिली, आईनं शिडीवर चढून माझ्या हातात. मी फुंकणी वरून घातली आणि दणके द्यायला लागले. एक, दोन, पाच. सहाव्या दणक्याला काहीतरी सुटलं. वरून मी बोटं घालून ओढलं आणि गोणपाटाचा एक बोळा माझ्या हातात आला. क्षणात पन्हळीतलं सगळं पाणी घरंगळत निघालं आणि आमच्या अंगणात धबाधबा पडायला लागलं. कोंबड्या ओरडत पळाल्या.

बोळा सुटत होता. गोणपाटाच्या आत निळं कापड होतं, शर्टाची बाही. कोपरावर ठिगळ, आणि ठिगळाला हिरव्या दोऱ्याची शिलाई. तो हिरवा दोरा मला माहीत होता. निळा संपला होता म्हणून आईनं तो घातला होता आणि आण्णा कुरकुरले होते की वर्कशॉपात लोक हसतात. वर्कशॉपातला तो शर्ट पुढं दिसेनासा झाला होता.

खाली तात्या आला होता. मळ्यातून येताना पाण्याचा आवाज ऐकून थांबला असावा. तीन वर्षांत त्यानं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते.

"काय घावलं गं सुमे?"

मी खाली बघितलं. शिडी धरून आई उभी होती आणि तिनंही ती बाही बघितली होती. तिचा चेहरा मला आजही दिसतो. तिनं डोळ्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. बोळा मागच्या अंगाला गाळात फेकून देणं मला सहज जमलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण मला दिसत होतं, भिंतीच्या एका अंगाला आबांची बाज असते आणि दुसऱ्या अंगाला काकी पाठ करून भाकरी थापते. आज मी हे लपवलं, तर पुढच्या भांडणाला कुणीतरी पुन्हा तिथं काहीतरी कोंबणार. आणि तीन वर्षं ज्या बाईकडं बघून मी मान फिरवत होते, तिची फुंकणी माझ्या हातात होती.

"आण्णांच्या शर्टाची बाही हाय," मी म्हटलं. "गोणपाटात गुंडाळून ठोकलेली."

तात्याच्या कपाळाची शीर फुगली. मला वाटलं आता शिव्या देणार. त्यानं खांद्यावरचं फावडं खाली ठेवलं आणि आईला म्हणाला, "वैनी, पोरीला खाली घ्या आधी. सर येतीया." मग तो वळून मळ्याकडं गेला आणि खांद्यावर दोन जाड वासे घेऊन परत आला. एक त्यानं आपल्या खोलीत लावला आणि दुसरा घेऊन तीन वर्षांनी आमचा उंबरा ओलांडला. फुगलेल्या जागेवर फळी ठेवून टेकू ठोकला. आबा पडवीतून बघत होते. "बुडाशी धोंडा लाव," ते म्हणाले. तात्यानं धोंडा लावला. बाहेर आई आणि काकी कमरेत वाकून अंगणातून गल्लीपर्यंत चर खणत होत्या, कारण सर आली तर ते सगळं पाणी पुन्हा उंबऱ्यातून आत येणार होतं. सर आली. जोराची आली. आम्ही सगळे पडवीत उभे राहून भिंतीकडं बघत होतो. तासभर बघत होतो. भिंत उभी राहिली.

आण्णा चारच्या सुमाराला एस.टी.नं आले. अंगणातला चर, खोलीतला टेकू आणि तारेवर वाळत पडलेली निळी बाही त्यांनी दारातूनच बघितली. चप्पल पायातच.

"वर कोण चढलं व्हतं?"

"मी," मी म्हटलं.

आई पुढं झाली, "मी चढवलं तिला." पण आण्णा तिच्याकडं बघत नव्हते. ते काहीतरी बोलणार एवढ्यात पडवीतून आबांचा आवाज आला. ओरडून नाही, अगदी रोजच्यासारखा.

"शिरपा, मी तितं टेकून बसत व्हतो रं."

आण्णांनी चप्पल काढली. आत गेले. भिंतीच्या फुगलेल्या जागेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. आईनं ताट वाढलं ते त्यांनी सारून ठेवलं. पुढं कितीतरी वर्षांनी त्यांनी मला सांगितलं, की पोतं भिजलं त्याच रागात त्यांनी तो बोळा ठोकला. पन्हळीचा पश्चिमेचा काठ बोटभर खाली आहे, पाणी तुंबलं की तात्याच्या बाजूला सांडेल, असा त्यांचा हिशेब. पण त्या वर्षी नंतर पाऊसच झाला नाही. मग काढायला चढलो तर लोक विचारतील काय काढतोस, म्हणून राहिलं. "पाणी तिकडं जाईल असं वाटलं व्हतं," ते म्हणाले. फिटर माणूस, नळ न् पाइप यांत आयुष्य गेलेलं, पण भिजलेल्या पोत्यासमोर उभं राहिल्यावर कुणाला काय सुचतं? मी आता कुणाच्याही घरी ओल बघायला गेले की आधी भिंत बघत नाही, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात ते बघते.

चार दिवस आण्णा माझ्याशी बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही. भीती वाटत होती, पण चुकलं असं एकदाही वाटलं नाही. पाचव्या दिवशी त्यांची सुट्टी होती. सकाळी त्यांनी स्वच्छ सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल, बारामतीला जायचंय." एवढंच. एस.टी.त आम्ही शेजारी बसलो आणि उतरेपर्यंत दोघंही खिडकीतून ऊस बघत होतो. बारामतीच्या बाजारपेठेत एका बोळात पत्र्याच्या पेट्या न् धान्याच्या कोठ्या बनवणारे एक म्हातारे कारागीर होते. बोळात शिरायच्या आधीच ठोकाठोकीचा आवाज यायचा. आण्णांनी त्यांना सांगितलं, पन्हळ करायची आहे, नवी, पाइपासकट.

"लांबी किती? रुंदी? उतार कुठनं कुठं?"

मला वाटलं आण्णा सांगतील. हे त्यांचं काम होतं, सुतासुताचा हिशेब ते करायचे. ते बाजूला सरले आणि म्हणाले, "हिला इचारा. हिनं बघितलीया."

मी सांगितलं. लांबी मी सुतळीनं मोजून आणली होती, परकराच्या नाडीला बांधून, कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं तरी. रुंदी वीतभर जास्त, कारण दोन छपरांचं पाणी आहे. पट्ट्या हातहातभर अंतरावर, म्हणजे झोळ पडणार नाही. नळकांडं आधीच्यापेक्षा दुप्पट जाड, आणि तोंडावर बसवायला जाळी, काढता-घालता येईल अशी. म्हातारबुवा पत्र्यावर खडूनं आकडे लिहीत गेले. मग त्यांनी खडू थांबवला.

"आणि पाइप कुठं वळवायचा? उजवीकडं का डावीकडं?"

मी आण्णांकडं बघितलं. ते ठोकून ठेवलेल्या एका पेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"पूर्वेला," मी म्हटलं. "आमच्या अंगणात."

कारागिरानं चष्म्यावरून आण्णांकडं बघितलं, बापाचं काय म्हणणं आहे म्हणून.

"ती म्हणती तसंच करा," आण्णा म्हणाले, "आणि चर मी फरशीचा बांधणार हाय."